आहार-तपासणी समाधानकारक

सुजाता खोब्रागडे या बाईंबद्दल पहिली गोष्ट सांगायची म्हणजे त्या खोटं बोलत नाहीत. दुसरी गोष्ट अशी, की तीन वर्षांत त्यांनी एकशे अठरा वेळा धडधडीत खोटं लिहून दिलं, आणि त्या प्रत्येक कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

मी सुमंत. पस्तीस वर्षं ह्यूस्टनच्या तेल कंपन्यांच्या पाइपलाइनवर पंप सांभाळले आणि निवृत्त झालो. सुजाताताई शुगर लँडमध्ये आमच्या मागच्याच रस्त्यावर राहतात. मूळच्या नागपूरच्या. नव्वदच्या दशकात इथे आल्या आणि चोवीस वर्षं एका हॉस्पिटलच्या फार्मसीत औषधं मोजत उभ्या राहिल्या. यजमान गेले, मुलगी सिअ‍ॅटलला गेली, आणि बाईंनी एका सेवाभावी संस्थेत नाव नोंदवलं. संस्थेचं नाव सांगत नाही, त्यांच्याकडे वकील आहेत. ब्राझोस नदीच्या पलीकडे तासाभराच्या अंतरावर आफ्रिकेतून आलेल्या अकरा कुटुंबांची एक वस्ती आहे, तिथे दर शनिवारी जायचं काम त्यांच्याकडे आलं. बुरुंडी आणि काँगोतली माणसं. सतरा-सतरा वर्षं निर्वासितांच्या छावणीत काढून इथे पोचलेली. चौदा एकर जमीन भाड्याने घेऊन शेती करतात आणि शेताच्या कडेला ट्रेलरच्या घरांत राहतात. शेताला ते शाम्बा म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणतो.

गाडी मी चालवतो, कारण फ्रीवेवर सुजाताताई पन्नासच्या वर जात नाहीत, आणि मागच्यांनी हॉर्न वाजवला तर खिडकीतून हात काढून त्यांना जयभीम घालतात. संस्थेच्या इन्शुरन्सवाल्यांना ही पद्धत पसंत पडली नाही.

आता खोट्याकडे येतो. संस्थेचा नियम क्रमांक सात असा, की लाभार्थींकडून भेटवस्तू, शेतमाल, खाद्यपदार्थ किंवा पेय काहीही घ्यायचं नाही. हेतू चांगला आहे. ज्याला मदत करायला गेलो त्याच्याच डब्यात हात घालू नये, इतकाच. पण पहिल्याच शनिवारी एस्पेरांसने सुजाताताईंपुढे ताट ठेवलं. एस्पेरांस म्हणजे त्या वस्तीची कारभारीण, पन्नाशीची, उंच, कमी बोलणारी. ताटात मक्याच्या पिठाची घट्ट उकड होती, राजमा होता आणि शेंगदाण्याचं कूट घातलेली माठाची पालेभाजी होती. माठाला ते लेंगालेंगा म्हणतात. सुजाताताई हात धुऊन बसल्या आणि ताट पुसून जेवल्या.

परत येताना पंचाईत झाली. संस्थेच्या फॉर्मवर दर पंधरा मिनिटांचा हिशोब लिहावा लागतो. साडेबारा ते सव्वा काय केलं? जेवले असं लिहिलं तर गच्छंती. बाईंनी पेन तोंडात धरून दोन मैल विचार केला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: आहार-तपासणी केली. समाधानकारक. मी हरकत घेतली, तर म्हणाल्या, "खोटं कुठंय यात? आहार तपासला नं मी. छान होता."

झालं. तेव्हापासून दर शनिवारी आहार-तपासणी होऊ लागली आणि दर वेळी समाधानकारक निघू लागली. मी सही करत राहिलो. मी स्वतः मात्र तिथे जेवत नसे. मला शुगर आहे, वेळ सांभाळावी लागते. शिवाय मी शाकाहारी, आणि ते लोक पालेभाजीतसुद्धा बोटभर सुकी मासळी टाकतात. बारा वाजले की मी गाडीत जाऊन एसी लावायचो आणि मृणालिनीने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, दिलेली पोळी-भाजी खायचो. कोणी कधी काही म्हटलं नाही.

सरळमार्गी माणसाचं खोटं फार काळ लपत नाही असं म्हणतात. सुजाताताईंचं लपलं नाहीच, उलट त्याचं कौतुक झालं. संस्थेच्या वार्षिक अहवालात एक अख्खं पान आलं: ग्रामीण आफ्रिकन समुदायात एकशे अठरा आहार-तपासण्या, सर्व समाधानकारक. वर सुजाताताईंचा हसरा फोटो. ते पान देणग्या देणाऱ्या एका फाउंडेशनने वाचलं आणि कळवलं, की ही पद्धत आम्हाला आणखी पाच ठिकाणी राबवायची आहे, तर पद्धत नेमकी काय ते पाहून या.

बुधवारी फोन आला. शनिवारी अनया येणार होती. अनया म्हणजे आमच्या मराठी मंडळातल्या डॉक्टर संजीव यांची मुलगी, वय एकोणतीस, संस्थेची प्रोग्रॅम मॅनेजर. मंडळाच्या गणपतीत आरती चालू असताना चपलांच्या ढिगावर झोपलेली मी तिला पाहिली आहे. आता ती आमची साहेब होती आणि नियमांच्या बाबतीत फार कडक होती. मागच्या वर्षी एका सज्जन स्वयंसेवकाने दोन कलिंगडं घेतली, तर तिने अत्यंत नम्र ईमेल पाठवून त्यांना घरी बसवलं. आमच्यात ते अजून कलिंगड प्रकरण म्हणून ओळखलं जातं.

मी सुजाताताईंकडे गेलो. चहा झाला. त्या शांत होत्या, पण कपातलं बिस्किट विरघळून गेलं तरी त्यांना कळलं नाही. मी म्हटलं, फार तर काय होईल, दुसरं काम देतील. लायब्ररीत पुस्तकं लावायला बसवतील.

"सुमंतराव," त्या म्हणाल्या, "निवृत्त माणसाला सगळे वार रविवारच. माझ्याकडे एक शनिवार आहे. तो गेला तर काय उरलं?"

उत्तर सुचलं नाही की इंजिनिअर फॉर्म तयार करतो. गुरुवारभर बसून मी आहार-तपासणीचा चार पानी तक्ता बनवला. पदार्थाचं वजन, तापमान, पोत, पालेभाजीचा रंग. मृणालिनीचा स्वयंपाकघरातला काटा घेतला. रंग ठरवायला काही साधन हवं म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून भिंतीच्या रंगांची पट्टी उचलून आणली. ती फुकट मिळते. सुजाताताईंनी तक्ता पाहिला आणि इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. पण नको म्हणाल्या नाहीत.

शनिवारी सकाळी सातला अनया गाडीत बसली तेव्हा बाहेर आधीच घाम फुटत होता. तिच्याजवळ टॅबलेट होता, लिटरभर पाण्याची स्टीलची बाटली होती आणि ओट्सच्या वड्यांचं पाकीट होतं. मला "हाय सुमंतकाका" म्हणाली, सुजाताताईंना वाकून मिठी मारली आणि लगेच टॅबलेट उघडला. रस्ताभर ती पद्धतीबद्दल विचारत होती. सुजाताताई खिडकीबाहेर बघत "प्रत्यक्ष पाहशील तेव्हाच कळेल" एवढंच म्हणत राहिल्या. त्यात खोटं काही नव्हतं.

शाम्बावर सुजाताताईंची सकाळ कशी असते ते मी आजवर नीट लिहिलं नाही. गाडी थांबायच्या आधी त्यांचा एक पाय बाहेर असतो. पहिल्यांदा पत्र्याच्या शेडमध्ये रक्तदाब. मग शाळेची, वीज कंपनीची, कोर्टाची आलेली पत्रं वाचून दाखवणं. त्यातली निम्मी जाहिराती निघतात आणि त्या फाडण्याचा मान लहान मुलांना मिळतो. मग बियाणं, बूट, कोणाचा दात, कोणाच्या सुनेचं भांडण. एस्पेरांसशी त्या मराठीत बोलतात, ती स्वाहिलीत उत्तर देते, आणि अगदीच अडलं तर दोघी तोडक्या इंग्रजीत उतरतात. दोघींचं कधी चुकल्याचं मी ऐकलेलं नाही.

शेवटी मझे. मझे म्हणजे त्यांच्या भाषेत वडीलधारा माणूस. एस्पेरांसचा सासरा, ऐंशीच्या घरातला, एक दात सोन्याचा. त्याला मधुमेह. सुजाताताईंनी त्याला साखर मोजायचं यंत्र आणून दिलं आहे आणि त्यातले आकडे दर आठवड्याला वहीत उतरवतात. त्या दिवशीही कपाळाला हात लावून बसल्या. सहा दिवस आकडे शहाण्यासारखे, आणि शनिवारी दुपारी मात्र आभाळाला भिडलेले. वहीतला एकही शनिवार त्याला अपवाद नव्हता. त्यांनी विचारलं, शनिवारी काय खातोस बाबा? मझेने छातीवर हात ठेवून शपथ घेतली, की सुनेने माझ्यासाठी वाढलेल्या एका ताटाबाहेर मी घासही घेत नाही. सुजाताताईंनी राजम्याचं प्रमाण कमी करायला सांगितलं.

इकडे अनया प्रत्येक कुटुंबाला बावीस प्रश्न विचारत फिरत होती. घर कसं आहे? गुड. शाळा? व्हेरी गुड. पाणी? गुड, गुड. सगळे हसून उत्तरं देत होते. मी विहिरीच्या पंपाशी सावली होती तिथे उभा होतो. पंपाच्या झाकणावर क्लिपबोर्ड ठेवून मी माझा तक्ता नीट लावत होतो. दोन बाया प्लॅस्टिकचे मोठे कॅन डोक्यावर घेऊन ओढ्याकडून आल्या आणि भेंडीच्या वाफ्यात ओतून परत गेल्या. त्यांची काही पद्धत असेल, असं मला वाटलं. अनया माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काका, दिस इज अमेझिंग. एकाही फॅमिलीचा एकही प्रॉब्लेम नाही."

साडेबाराला शेडमधलं लांब टेबल मांडलं गेलं. मी काटा मध्यभागी ठेवला. सुजाताताईंनी खाली मान घातली, ती मला वाटतं हसू दाबायला. मी उकडीचा गोळा काट्यावर ठेवला, वजन मोठ्याने वाचलं आणि लिहिलं. मग पालेभाजीच्या भांड्यावर रंगांची पट्टी धरली. अनयाने फोटो काढला आणि रंगाची छटा कोणती ते विचारलं. मी पट्टीवर पाहून गंभीरपणे सांगितलं, की या भाजीचा रंग पाहुण्यांच्या न्हाणीघराला शोभेल असं इथे छापलंय. हे ती लिहून घेईपर्यंत एस्पेरांस हलकेच सुजाताताईंच्या कानाशी लागली. मला उन्हाचा त्रास झाला आहे का, असं ती विचारत होती. टेबलाभोवतीच्या बायका पदरासारखं कापड तोंडावर धरून हसू लागल्या.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग एस्पेरांसने एक ताट भरलं आणि दोन्ही हातांनी अनयापुढे ठेवलं. साहेबाचं ताट होतं ते, राजमा वरपर्यंत आलेला.

अनया गोड हसली. "ओह नो, थँक यू सो मच, आय अ‍ॅम गुड," म्हणाली, आणि तिने पिशवीतून स्वतःची बाटली काढून टेबलावर ठेवली. शेजारी ओट्सची वडी ठेवली. बाटलीचं झाकण फिरवून उघडताना त्याचा बारीक आवाज झाला.

सुजाताताईंनी तोंडाशी नेलेला घास परत ताटात ठेवला. त्या बाटलीकडे बघत होत्या. मग मराठीत, एस्पेरांसला कळू नये अशा साध्या आवाजात म्हणाल्या, "अनया, ती बाटली खाली ठेव."

अनयाला वाटलं, टेबलावर जागा नाही. तिने बाटली सरकवली. मग सुजाताताईंनी सांगायला सुरुवात केली. त्या हसऱ्या चेहऱ्यानेच बोलत होत्या, म्हणजे आजूबाजूच्यांना वाटावं की जेवणाचीच तारीफ चाललेली आहे. नागपुरात त्यांच्या वस्तीत दर दिवाळीला एका महिला मंडळाच्या बायका जुने कपडे वाटायला येत. एका वर्षी त्यातल्या अध्यक्षबाई त्यांच्याच घरी येऊन बसल्या. त्यांच्या आईला काय करू अन् काय नको असं झालं. शेजारून दोन कपबशा मागून आणल्या, कुठून तरी दूध आणलं. घरात एरवी काळा चहा व्हायचा.

"बाई फार छान होत्या," सुजाताताई म्हणाल्या. "माझ्या अभ्यासाची चौकशी केली. मग पिशवीतून फिरकीचा तांब्या काढला, झाकण फिरवलं, आपलं पाणी प्यायल्या, अन् म्हणाल्या, मला बाहेरचा चहा बाधतो. त्या गेल्यावर आईनं तो चहा मोरीत ओतला. आम्ही चार भावंडं टक लावून बघत होतो, तरी आम्हाला दिला नाही. मला तेव्हा आईचा राग आला होता. कोणाचा राग यायला पाहिजे होता, ते कळायला मोठं व्हावं लागलं."

अनया हळू आवाजात म्हणाली, "पण मावशी, रूल त्यांच्यासाठीच आहे ना. त्यांच्याकडेच कमी आहे, म्हणून."

"कमी आहे म्हणूनच ताट वाढलं तिनं. उरलेलं असतं तर बाजारात विकलं असतं." मग सुजाताताईंनी माझा काटा उचलून बाजूला ठेवला. "आणि ऐक. आहार-तपासणी वगैरे काही नाही. मी इथं जेवते. तीन वर्षं जेवते आहे. हे सुमंतरावांचे कागद परवा तयार झालेत. काय लिहायचं ते लिही, पण आधी हात धू."

म्हणजे शनिवार त्यांनी स्वतःच्या तोंडाने घालवला. मी पट्टी खिशात घातली. मला हसू येत नव्हतं, कारण मला आमच्या घरातला तांब्या दिसत होता. पितळी, फिरकीचा, आईचा. माझी आईही पुण्यात अशाच एका मंडळात होती, तीही दिवाळीला वस्तीत जायची, आणि निघताना तांब्या घासून भरून घ्यायची. तिलाही बाहेरचं पाणी बाधायचं. ती वाईट बाई नव्हती. मला आजवर त्या तांब्याचं फक्त कौतुक वाटत आलं होतं, की पिशवीत आडवा झाला तरी थेंब सांडत नाही.

अनया उठली. नळ कोरडा होता, म्हणून कोणीतरी कॅनमधलं पाणी तिच्या हातांवर ओतलं. ती परत येऊन बसली आणि तिने घास घेतला. मग दुसरा. मासळीशी थोडी थांबली, पण तीही खाल्ली. एस्पेरांस समोर उभी राहून पाहत होती. ताट तळाला गेलं तेव्हा तिने पुन्हा वाढलं आणि अनया नको म्हणाली नाही. दुसरं ताट अर्धं झालं तेव्हा एस्पेरांस खुर्ची ओढून बसली आणि गोष्ट काढावी तसं म्हणाली, की मंगळवारपासून पंप बंद आहे, चार दिवस ओढ्यावरून पाणी आणतो आहोत, आणखी दोन दिवसांत भेंडी गेली.

अनयाचा हात थांबला. तिने विचारलं, की सकाळी मी पाण्याबद्दल विचारलं होतं, तेव्हा गुड का म्हणालात?

एस्पेरांस तिच्या तोडक्या इंग्रजीत म्हणाली, "सकाळी तू विचारत होतीस. आता तू जेवते आहेस."

सगळ्यांनी पंपाकडे पाहिलं. मीही पाहिलं. ज्याला टेकून सकाळभर उभा होतो तोच पंप. पस्तीस वर्षं पंपांचा आवाज ऐकून त्यांचं दुखणं ओळखणारा माणूस बंद पंपावर क्लिपबोर्ड ठेवून पालेभाजीच्या रंगाचा तक्ता लावत होता. मला राग आला आणि राग आला की मी आवाज चढवतो. मी एस्पेरांसला म्हणालो, अगं बाई, मी पंपाचा इंजिनिअर आहे, मला तरी सांगायचं.

ती गोंधळली. तिने सुजाताताईंकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे वळून फार अदबीने समजावलं. तुम्ही कधीच काही खात नाही. एकटे गाडीत जाऊन बसता. आम्हाला वाटलं, तुमचं काही व्रत असेल. व्रतातल्या माणसाला कशाला त्रास द्यायचा?

बायका पुन्हा हसल्या. सुजाताताई हसल्या नाहीत, त्या ताटातला उकडीचा शेवटचा गोळा निवांत संपवत होत्या. त्यांनी मला तीन वर्षांत एकदाही टोकलं नव्हतं. त्या तांब्याची गोष्टही माझ्यासमोर कधी काढली नव्हती. अनयाला त्यांनी अर्ध्या तासात सांगितलं, मला नाही. मला लाज वाटली, आणि ती लपवायला मी घाईने पंपाकडे गेलो.

वीज बंद करून दाबाच्या स्विचचं झाकण काढलं तर आत लाल मुंग्या. टेक्ससात विहिरीचे पंप माणसांपेक्षा मुंग्याच जास्त बंद पाडतात. शेकडो मेलेल्या मुंग्यांचा थर दोन्ही टोकांमध्ये चिकटून बसला होता. घासायला काही बारीक हवं होतं. अनया बाजूला उकिडवी बसली होती, तिने पर्समधून नखं घासायची कानस काढून दिली. जिवंत होत्या त्या मुंग्यांनी माझ्या मनगटावर सूड उगवला.

कानस चालू असताना अनया म्हणाली, "काका, आय हॅव टू रिपोर्ट इट. खरं तेच लिहावं लागेल."

मी म्हटलं, लिही.

"मी दोन वेळा घेतलं. तेही लिहिते आहे. मावशींच्या नावाच्या वर माझं नाव."

त्याचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. संस्थेच्या कमिटीने दोन बैठका घेतल्या, वकिलांना विचारलं, आणि नियम सातला एक पोटनियम जोडला: जिथे पाहुण्याने जेवणं ही रीत आहे तिथे स्वयंसेवक जेवू शकतो, मात्र तसं स्वच्छ लिहावं. एकशे अठरा खोट्या नोंदींबद्दल सुजाताताईंना लेखी समज मिळाली. ती त्यांनी फ्रिजवर नातवाच्या फोटोशेजारी लावली आहे. शनिवार त्यांच्याकडेच राहिला. कलिंगडवाल्या गृहस्थांना मात्र परत बोलावलेलं नाही, कारण कलिंगडं ते घरी घेऊन गेले होते. आणि अनयाने सगळं खरं सांगूनही त्या फाउंडेशनला माझा चार पानी तक्ता इतका आवडला, की तो आता पाच ठिकाणी भरला जातो आहे, रंगांच्या पट्टीसकट. मी त्यावर काही बोलत नाही.

पण त्या दुपारी हे काहीच माहीत नव्हतं. तीन वाजता मी वीज चालू केली. पंप खाकरला, थांबला, पुन्हा खाकरला आणि चालू झाला. भेंडीच्या वाफ्यात नळ्या फुगल्या आणि पोरं ओरडत तिकडे पळाली. एस्पेरांस रबरी नळी घेऊन आली आणि तिने माझ्या हातांवर पाणी सोडलं. कोपरापर्यंत धुवायला लावले. मग ती घरात गेली आणि एक ताट घेऊन आली. ताटावर दुसरं ताट उपडं घातलेलं होतं.

मी वरचं ताट उचललं. उकड, राजमा, लेंगालेंगा. मासळीचा तुकडाही नव्हता. भाजी वेगळ्या भांड्यात केलेली दिसत होती, कारण तिचा रंगही जरा निराळा होता. मी सुजाताताईंना विचारलं, की हिला कसं माहीत, मी मासे खात नाही ते?

"मी सांगितलं होतं नं. पहिल्या शनिवारी."

"मग हे ताट?"

"दर शनिवारी असते ते, सुमंतराव. झाकून ठेवलेलं."

दर शनिवारी मी दोनशे फुटांवर काच वर करून पोळी-भाजी खात होतो आणि इथे माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात भाजी शिजत होती. मी म्हटलं, तुम्ही मला सांगितलं का नाही कधी?

"सांगून जेवायला बसवायचं असते का कोणाला?" त्या म्हणाल्या.

मी बसलो. भाजी गार झाली होती. तरीही मी सांगतो, शेंगदाण्याच्या कुटाने माठाला अशी चव येते हे आमच्या घरात कोणाला ठाऊक नाही. दोन घास झाले आणि मला जाणवलं, की समोर मझे येऊन बसलाय आणि माझ्या ताटाकडे फार दुःखी नजरेने बघतो आहे. मी एक घास उचलला की त्याची मान घासाबरोबर वर जायची आणि खाली यायची.

सुजाताताईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्या ताटाकडे पाहिलं. मग त्यांनी पिशवीतून साखरेची वही काढली, शनिवारच्या दुपारच्या आकड्यांवरून बोट फिरवलं आणि एस्पेरांसला विचारलं, की हे सुमंतरावांचं ताट ते खात नाहीत तेव्हा त्याचं काय होते?

एस्पेरांस म्हणाली, वाया थोडंच घालवायचं? एक वाजेपर्यंत वाट बघतो, मग मझेला देतो.

मझेने छातीवर हात ठेवला आणि सोन्याचा दात दाखवून हसला. त्याने शपथ खोटी घेतली नव्हती. त्याच्यासाठी वाढलेलं ताट एकच होतं, दुसरं माझं होतं.

सुजाताताई त्याला काय काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. मी जेवत होतो. ताट पुसून खाल्लं, आणि एस्पेरांसने आणखी हवं का विचारलं तेव्हा हो म्हटलं. मझे उठून गेला.

परतीच्या वाटेवर अनया मागच्या सीटवर झोपली, लहानपणी झोपायची तशीच, तोंड उघडं टाकून. सुजाताताईंनी फॉर्म मांडीवर घेतला. तीन वाजेपर्यंतचे सगळे रकाने भरून झाले होते, तीन ते साडेतीन राहिलं होतं. त्यांनी पेन तोंडात धरून थोडा विचार केला, मग लिहिलं आणि सहीसाठी कागद माझ्यापुढे धरला. मी सिग्नलला गाडी थांबवून वाचलं.

सुमंतराव जेवले. तीन वर्षं उशिरा. समाधानकारक.